बेगमपेठ ते बालानगर : विमानाची वीज शिकलेले हात



२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ विमानांना हवाई दलानं निरोप दिला. सहा दशकांपेक्षा जास्त नोकरी करून निवृत्त झालेलं हे विमान. टीव्हीवर दिवसभर चर्चा चालली. वैमानिक आले, लढाया आल्या, अपघातही आले, आणि ते यायलाच हवेत, कारण अनेक तरुण त्यात गेले. आपल्या हैदराबादचं नाव मात्र फारसं कुणी घेतलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मिग-२१ भारतात बांधायचं ठरलं तेव्हा काम तीन गावांत वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, आणि आतली रेडिओ-इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, बालानगरात. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘एचएएल’ म्हणतो त्याचा, हा हैदराबाद विभाग १९६५ साली उभा राहिला. मूळ कंपनी १९४० ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली होती. मिगसाठी सरकारनं वेगळी काढलेली एरोनॉटिक्स इंडिया तिच्यात १ ऑक्टोबर १९६४ ला मिसळली आणि एचएएल झाली.

मी काही विमानातला माणूस नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तिथूनच निवृत्त झालो. पण आमच्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बालानगरला ॲप्रेंटिस म्हणून लागले ते तिथूनच रिटायर झाले. आणि काचीगुड्याला आमच्या शेजारी एक काका होते, ते त्याही आधीपासून बेगमपेठला विमानांच्या बॅटऱ्या आणि वायरिंग बघायचे. या दोघांकडून जे वर्षानुवर्षं ऐकलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलं, ते मांडतो. विषय जरा रुक्ष वाटेल, पण बघा, वाचून तर बघा.

आधी आपली माणसं तिकडे गेली कशी ते सांगतो. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यात होते. शिक्षण आणि नोकरी म्हटलं की राजधानी हैदराबाद. सुलतान बाजार, गौळीगुडा, काचीगुडा, शालीबंडा इथं आपली घरं झाली, विवेक वर्धिनी झाली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. जिल्हे मुंबई राज्यात गेले, घरं इथंच राहिली. वडील पिढी उर्दूत कारकुनी केलेली. नव्या राज्याच्या कचेरीत तेलुगू लागणार. मुलांनी करायचं काय?

नेमक्या त्याच काळात शहराच्या कडेनं कारखाने उभे राहिले. बीएचईएल, एचएमटी, आयडीपीएल, ईसीआयएल, एचएएल. तिथं कुणी मातृभाषा विचारत नव्हतं, हाताला काय येतं ते विचारायचे. आपल्याकडे त्या वेळी बँक, रेल्वे, शाळामास्तर ही प्रतिष्ठेची कामं, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणं म्हणजे ‘हात काळे करणं’. भाऊजींच्या वडिलांनी म्हणे दोन दिवस अन्न गोड मानलं नाही. पण १९६१ चा ॲप्रेंटिस कायदा आलेला होता, शिकताना थोडा भत्ता मिळायचा, आणि घरात पाच खाणारी तोंडं होती. गेले भाऊजी.

आता विमानातल्या विजेची गोष्ट. ती मुळापासून सांगितली की गंमत कळते.

दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठला वैमानिकांना पहिले धडे देणारी शाळा होती. तिथं टायगर मॉथ नावाचं दोन पंखांचं कापडी विमान असायचं. या विमानाला बॅटरीच नव्हती. इंजिन सुरू करायचं तर एकानं पुढं उभं राहून हातानं पंखा फिरवायचा. ठिणगी द्यायला मॅग्नेटो, आणि पुढच्या-मागच्या सीटवरच्या दोघांनी बोलायचं ते नळीतून. म्हणजे त्या विमानातलं विजेचं शिक्षण काय, तर मॅग्नेटोचा स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय पंख्याला हात लावायचा नाही. एकच धडा, पण चुकला की हात गेला. आमचे काका म्हणायचे, सगळं शास्त्र पुढं वाढलं, पण पहिला धडा बदलला नाही : आधी वीज बंद, मग हात.

१९४५ मध्ये डेक्कन एअरवेज सुरू झाली. निजाम सरकार आणि टाटा यांची ही कंपनी. (प्रेम माथूर या भारताच्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिकेला १९४७ मध्ये नोकरी दिली ती याच कंपनीनं, हेही आपण अभिमानानं सांगावं.) विमानं डकोटा. डकोटात मात्र वीज होती : चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या, इंजिनावर फिरणारे जनरेटर, दिवे, स्टार्टर, वायरलेस. बिनतारी यंत्रावर मोर्समध्ये कट्ट-कडकट्ट करायला वेगळा रेडिओ ऑफिसर असायचा. १९४९ मध्ये नागपूरमार्गे रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली. चार दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपाल अदलाबदल करून परत जायची. रात्रीचं उड्डाण आलं तसं वीजवाल्याला महत्त्व आलं. दिवसा एक दिवा गेला तर चालतं, रात्री काट्यांवरचा दिवा गेला तर वैमानिक आंधळा.

१९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. डेक्कनसह आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. काका त्याच हँगरमध्ये, त्याच हत्यारांच्या पेटीसह नव्या मालकाकडे गेले.

हे लोक शिकले कसे? वर्ग नावाची गोष्ट फार थोडी. हेल्पर म्हणून लागायचं, दोन-तीन वर्षं वरिष्ठाच्या हाताखाली हत्यारं द्यायची, मग मेकॅनिक. केलेलं प्रत्येक काम लॉगबुकात लिहायचं, त्यावर लायसनवाल्या इंजिनिअरची सही घ्यायची. मग सरकारी परीक्षा, त्यात तोंडी आणि प्रत्यक्ष काम दोन्ही. आमच्या बँकेच्या भाषेत, व्हाउचर आहे पण सही नाही तर ते व्हाउचरच नाही. तिकडंही तसंच.

लायसनची अक्षरंही बघण्यासारखी आहेत. जुन्या काळी ए, बी, सी, डी ही अक्षरं विमान आणि इंजिनासाठी होती. वीज, मोजयंत्रं, होकायंत्र हे सगळं शेवटच्या ‘एक्स’ या अक्षरात कोंबलेलं. म्हणजे जे कुठं बसत नाही ते एक्स! पुढं कामं वाढली तशी भारतात तीन वेगळी लायसनं झाली : ‘ईएस’ म्हणजे विजेची यंत्रणा, ‘आयएस’ म्हणजे मोजयंत्रं, ‘आरएन’ म्हणजे रेडिओ आणि दिशादर्शन. आणि गेल्या दशकात युरोपच्या धर्तीवर नवे नियम आले तेव्हा हे तिन्ही पुन्हा एका नावाखाली आले, ‘बी-टू’. इंजिन-सांगाडावाल्याला ‘बी-वन’, एव्हिऑनिक्सवाल्याला ‘बी-टू’. एव्हिऑनिक्स म्हणजे एव्हिएशन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची सांधणी. हा शब्द १९४९ च्या सुमारास फिलिप क्लास या अमेरिकन पत्रकारानं काढला असं मानतात. अडगळीतल्या ‘एक्स’पासून बरोबरीच्या ‘बी-टू’पर्यंतचा हा प्रवास म्हणजे वीजवाल्यांच्या मानाचा इतिहासच आहे.

आता प्रत्यक्ष शिकवायचे काय, हे सांगतो. कारण खरी मजा त्यात आहे.

भाऊजी म्हणायचे, पहिले काही आठवडे आम्हाला विमानाचं उपकरण दाखवलंच नाही. एक लाकडी बाक, तारेचं भेंडोळं, आणि डोक्यावर एक हैदराबादी फोरमन. तो दखनीत सांगायचा, “बाबू, किताब उधर रखो, पैले हात धोके आओ.” हात धुवायचे, कारण घामाचं आणि तेलाचं बोट कनेक्टरच्या पिनेला लागलं की तिथं गंज धरतो.

पहिलं काम, तार सोलणं. आतल्या बारीक तारांपैकी एकही कापली जाता कामा नये. मग तिच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवायची, त्याला क्रिंपिंग म्हणतात. तुम्ही विचाराल, डाग का देत नाहीत, रेडिओवाला देतो तसा? तर विमान सतत थरथरत असतं. डाग दिला की वितळलेलं कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि थरथरून नेमका तिथंच तुटतो. क्रिंप केलेली तार लवचिक राहते. ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींची आहे. पण पक्कड किती दाबली की बरोबर बसते, आणि ओढून बघताना हाताला काय जाणवतं, हे शंभर वेळा केल्याशिवाय येत नाही.

दुसरं काम, तारांचा जुडगा बांधणं. मेण लावलेल्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या. गाठ घट्ट हवी, पण तारेच्या अंगात रुतता कामा नये. आमची आई गजरा करायची तेव्हा भाऊजी तिच्या बोटांकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, “सासूबाई, तुम्हाला बालानगरला एका दिवसात घेतील.” देठ दाबला जाऊ नये, फूलही सुटू नये, तेच तंत्र!

तिसरं काम, लॉकवायर. नट सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तारेनं जखडायचं. तार अशा बाजूनं ओढायची की नट फिरायला लागलाच तर घट्ट होण्याच्या दिशेनं फिरावा. उलटी बांधली तर ती दिसायला अगदी सुबक दिसते, आणि कामाची नसते.

चौथं, बॅटरीची खोली. इथं आपल्या घरातलं सोवळं आठवेल. विमानात दोन जातींच्या बॅटऱ्या येतात, शिसं-आम्लाच्या आणि निकेल-कॅडमियमच्या. पहिलीत आम्ल, दुसरीत अल्कली. एकीची हत्यारं दुसरीला चालत नाहीत. खोली वेगळी, फनेल वेगळं, मोजायची नळी वेगळी, ॲप्रनसुद्धा वेगळा. आम्लाचा अंश अल्कलीच्या बॅटरीत गेला की ती गेली. काकांच्या हँगरातला एक तरुण हसला होता की हे काय सोवळं-ओवळं, काका म्हणाले, “माझ्या आजीचं सोवळं मोडलं तर ती फक्त पुन्हा आंघोळ करायची. इथं मोडलं तर आकाशात बॅटरी मरते.”

पाचवं, होकायंत्राची तपासणी. इमारती आणि लोखंडापासून दूर एका मोकळ्या जागी विमान न्यायचं, आतली वीज चालू ठेवायची, आणि विमान थोडं थोडं करून पूर्ण गोल फिरवायचं. प्रत्येक दिशेला होकायंत्र खऱ्या दिशेपेक्षा किती चुकतं ते बघायचं, छोट्या चुंबकांनी सुधारायचं, आणि जी चूक तरीही उरते ती एका कार्डावर लिहून वैमानिकासमोर लावायची. जाताना खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, सगळं काढून ठेवायचं. स्क्रू-ड्रायव्हर पितळेचा. मला हे कार्ड फार आवडतं. उरलेली चूक लपवायची नाही, मांडून ठेवायची. आमच्या ताळेबंदाखाली टिपा असतात, तसंच.

आणि शेवटी, संध्याकाळी हत्यारं मोजायची. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते. एक जागा रिकामी दिसली तर घरी कुणी जायचं नाही. बँकेत कॅश जुळेपर्यंत आम्ही बसायचो, भाऊजी पान्हा सापडेपर्यंत बसायचे. अक्का दोघांच्या वाट्याच्या पोळ्या झाकून ठेवायची. एक किरकोळ पान्हा, पण तो तारांच्या जुडग्यावर पडून राहिला तर थरथरत थरथरत तारेचं आवरण खातो.

बालानगरच्या कामात आणखी एक अडचण होती. उपकरणं रशियन, त्यांची पुस्तकं रशियन. काही मंडळी सोव्हिएत देशात शिकून आली, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. उर्दू माध्यमातल्या बापाचा मुलगा, मराठी घरात वाढलेला, तेलुगू गावात राहणारा, इंग्रजीत ॲप्रेंटिस झालेला, आता रशियन अक्षरं ओळखायला शिकतोय! भाऊजींच्या वहीत एकाच पानावर चार लिप्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. बोलण्याची भाषा कुठलीही असो, काट्याची भाषा एकच : मीटर शून्य दाखवतो की नाही.

आकडे सांगतो, कारण माणूस बँकेचा. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० सायकलची वीज. जेट विमानांत मुख्य वीज असते ११५ व्होल्ट आणि ४०० सायकलची. का? सायकल वाढली की ट्रान्सफॉर्मरला आणि मोटारीला लोखंड कमी लागतं, वजन घटतं. आकाशात प्रत्येक किलोला भाडं पडतं ना! जोडीला २८ व्होल्टची सरळ वीज असतेच. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६४ मध्ये कॅराव्हेल, १९७० च्या सुमारास बोइंग ७३७, १९७६ मध्ये एअरबस ए-३००, आणि १९८९ मध्ये ए-३२० आलं. प्रत्येक विमानागणिक काकांच्या पिढीला पुन्हा शाळेत बसावं लागलं. पन्नाशीतला माणूस पंचविशीतल्या पोराशेजारी बाकावर बसून नवीन सर्किट शिकतोय, हे दृश्य आपल्या बँकांत कॉम्प्युटर आले तेव्हा आपणही पाहिलं आहे.

एवढं काटेकोरपण कशासाठी? तर ऐका.

१ जानेवारी १९७८. मुंबई. एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट ‘एम्परर अशोक’ रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोनेक मिनिटांत वांद्र्याच्या समुद्रात पडलं. २१३ माणसं गेली. विमान सरळ आहे की कललेलं, हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. अंधारात खाली समुद्र, वर आकाश, क्षितिज दिसेना. यंत्र म्हणालं उजवीकडे कललं आहे, म्हणून कॅप्टन डावीकडे वळवत गेले. शेजारच्या वैमानिकासमोरचं यंत्र ठीक होतं. फ्लाइट इंजिनिअरनं लक्षही वेधलं होतं, पण वेळच उरला नव्हता. दोष केवळ यंत्राला देता येत नाही, चौकशीनं वैमानिकाच्या हाताळणीवरही बोट ठेवलं. पण सुरुवात झाली ती एका काट्यापासून.

२ ऑक्टोबर १९९६, पेरू देशातलं लिमा. विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्री विमान उडालं तर उंची खोटी, वेग खोटा. ७० माणसं गेली. चिकटपट्टीचा एक तुकडा!

२ सप्टेंबर १९९८, स्विसएअरचं न्यूयॉर्कहून जिनिव्हाला जाणारं विमान. कॉकपिटच्या छतावरच्या पोकळीत तारेत ठिणगी पडली, आसपासच्या आवरणानं पेट घेतला, आणि विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं. ठिणगीच्या खुणा सापडलेल्या तारांत प्रवाशांच्या करमणुकीसाठी बसवलेल्या यंत्रणेची तारही होती. त्याच्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे विमान इंधनाच्या टाकीत स्फोट होऊन फुटलं, २३० गेले. तिथंही तपास शेवटी तारांच्या शॉर्ट सर्किटपर्यंत येऊन पोचला.

या दोन अपघातांनंतर जगभरच्या नियमांत मोठा बदल झाला. तोवर तार म्हणजे नुसती जोडणी, दोन डब्यांच्या मधली. आता तारांचं सगळं जाळं हीच एक स्वतंत्र यंत्रणा धरली गेली, इंजिनासारखी, चाकांसारखी. तिचं वेगळं प्रशिक्षण आलं. त्यातला मुख्य उपदेश काय असेल? भोक पाडताना उडालेला धातूचा कीस तारांवर पडू देऊ नका, आधी झाका, काम करता करता साफ करा. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. त्यांच्या फोरमननं हेच तीस वर्षं आधी दखनीत सांगितलं होतं.

आजच्या विमानात कॉम्प्युटरच बिघाड सांगतो. पडद्यावर ओळ येते, अमुक डबा बदला. पोरगा डबा काढतो, दुसरा बसवतो, विमान जातं. पण काढलेला डबा वर्कशॉपला तपासला तर बऱ्याचदा ठणठणीत निघतो. त्याला त्या धंद्यात ‘नो फॉल्ट फाउंड’ असं नावच आहे. मग बिघाड कुठं होता? अनेकदा वाकलेल्या पिनेत, ओल धरलेल्या कनेक्टरमध्ये, घासलेल्या तारेत. कॉम्प्युटरला डबा दिसतो, पिन दिसत नाही. ती बॅटरीच्या उजेडात, आरशाचा तुकडा आत घालून, माणसालाच शोधावी लागते. हातानं शिकवण्याचं महत्त्व कमी झालं, असं जे म्हणतात, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं तो मुद्दा. आपल्या घरांतली मुलं-मुली आज पुन्हा या कामाकडे वळतायत. मुलीसुद्धा, हे फार चांगलं झालं. २००८ च्या मार्चमध्ये बेगमपेठचं प्रवासी विमानतळ बंद होऊन शमशाबाद सुरू झालं, तिथं विमान-दुरुस्तीचे मोठे हँगर आहेत. नागपूरला मिहानमध्ये आहे. काम आहे. पण शिक्षणाच्या नावाखाली काय चाललंय तेही बघा. आमच्या नात्यातल्या एका मुलानं एका खाजगी संस्थेत काही लाख भरून हा कोर्स केला. अंगणात एक जुनं विमान होतं, पण त्यात वीजच येत नव्हती. तारा कापलेल्या. पोरं त्याच्यासमोर फोटो काढायची आणि वर्गात येऊन प्रश्नपत्रिका घोकायची. परीक्षेत ७५ टक्के मिळवून पास झाला, हुशार मुलगा आहे. पण लायसन हातात येईना, कारण त्याला चालू विमानांवरचा अनुभव लागतो, आणि तो द्यायला कुठली कंपनी उभी करेना. दोन वर्षं असाच फिरला. शेवटी एका दुरुस्ती-हँगरात अगदी खालच्या जागेवर लागला आणि तिथं पहिल्यांदा त्याच्या हातात खरी क्रिंपिंगची पक्कड आली.

म्हणून आजी-आजोबांनो, नातवंडांची फी भरण्यापूर्वी एवढं विचारा. नियमाप्रमाणे बी-टूचा मूळ कोर्स २४०० तासांचा असतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ प्रत्यक्ष कामाचा असायला हवा. तो कुठं, कशावर होतो? तिथल्या विमानात वीज येते का? बॅटरीची खोली दाखवा म्हणावं. हत्यारांची फळी दाखवा. कोर्सनंतर चालू विमानांवर दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो कुठल्या हँगरात मिळणार, लेखी करार आहे का? मुलाच्या लॉगबुकावर सही कोण करणार, आणि तो माणूस काम बघून सही करतो की गठ्ठ्यानं? बँकेत कर्ज देताना आम्ही तारण बघायचो, नुसता चकचकीत प्रॉजेक्ट रिपोर्ट नाही. इथं तारण म्हणजे हँगर.

माझ्या आयुष्यभराच्या कामात सहीला मोल होतं. तिजोरी दोघांच्या किल्ल्यांशिवाय उघडत नसे. विमानातही सुकाणूच्या जोडण्यांना हात लागला की दोन वेगवेगळी माणसं तपासतात आणि दोघंही सही करतात. पण माझ्या सहीखाली पैसे होते. चुकले तर वसूल करता आले असते. काकांच्या आणि भाऊजींच्या सहीखाली माणसं होती. मी ज्यांना ‘हात काळे करणारे’ म्हणताना वडीलधाऱ्यांना ऐकलं, त्यांच्या हातांवर रोज शेकडो लोक डोळे मिटून झोपून प्रवास करत होते.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी आता ऐंशीच्या घरात आहेत, हात थोडे थरथरतात, पण परवा घरातल्या मिक्सरची वायर तुटली तेव्हा चिकटपट्टी गुंडाळू दिली नाही, टोक कापून, नीट सोलून, नवीन बसवली. त्यांची ॲप्रेंटिसशिपची वही आणि काकांचं सह्यांनी भरलेलं लॉगबुक मी स्कॅन करून ठेवलं आहे. तुमच्या घरात कुणी बेगमपेठला, बालानगरला, किंवा तिकडं ओझरला, बंगळूरला हे काम केलं असेल, तर त्यांची कागदपत्रं रद्दीत घालू नका. एकदा त्यांच्याजवळ बसा, काय काय हातानं केलं ते विचारा, आणि लिहून ठेवा. आपल्या इतिहासात दिवाण आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत. या हातांनाही त्यात जागा असू द्या.